जपानमध्ये २५ डिसेंबरला तास असतो
परदेशात नाताळला सगळं बंद, शिक्षकाला आयती सुट्टी, असं बऱ्याचदा म्हटलं जातं. जपानला ते लागू नाही. मी तिथे दोन वर्षं इंग्रजी शिकवलं. २५ डिसेंबरला तास नेहमीसारखेच. (सुट्टी असायची ती २३ला, सम्राटांच्या वाढदिवसाची, आणि तीही २०१८ पर्यंतच.) पहिल्या वर्षी हौसेने २४च्या संध्याकाळी पार्टी ठेवली, तर कॉलेजची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ती संध्याकाळ तिथे जोडप्यांची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

मग २५ला दुपारी जमलो. त्यांनी स्ट्रॉबेरी लावलेला पांढऱ्या क्रीमचा केक आणि केएफसीची बादली आणली. माझ्याकडे आईने पुण्याहून, कॅम्पातून घेऊन पाठवलेली श्रूजबेरी बिस्किटं. निम्म्यांचा चुरा झाला होता. तो पोरांनी केकवरच भुरभुरला.