मिसळणाच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

शेवंती:
काल माळा आवरताना आईचा मिसळणाचा डबा सापडला. प्रत्येक वाटीच्या कडेला चिकटपट्टी लावून बाबांनी आपल्या अक्षरात 'मोहरी', 'जिरे', 'हळद' असे लिहून ठेवले होते. हळदीलाही चिठ्ठी लागावी, हे पाहून मी तिथेच बसून राहिले. आईच्या स्मृतिभ्रंशाचे निदान होण्याआधी किमान दोन वर्षे बाबा सगळे सांभाळून घेत होते. फोन तेच उचलत, तिच्या वाक्यातला अडलेला शब्द तेच पुरवत, आणि आम्ही विचारले की "वय झाले, विसरायचेच," असे म्हणत. तुमच्या घरी हे प्रथम कसे लक्षात आले?

रानवाट:
हिशेबावरून. सासरे 31 वर्षे एसटीत वाहक होते, सुट्टे पैसे त्यांच्या बोटांवर असत. एके दिवशी भाजीवाल्यापुढे पन्नासची नोट धरून ते मलाच विचारू लागले, "यातून परत किती यायचे?" आता दिवेलागणीला ते ड्यूटीवर निघतात. पूर्वी आम्ही अडवत असू आणि ते संतापत. हल्ली मी म्हणते, "अण्णा, गाडी अजून फलाटाला लागलेली नाही, चहा घेऊन निघा." मग ते बसतात.

ओसरी:
आजी रोज आजोबांची वाट पाहायची. खोटे बोलू नये म्हणून मी दर वेळी ते गेल्याचे सांगत राहिले आणि दर वेळी ती प्रथमच ऐकल्यासारखी रडली. हे मी फार दिवस केले, त्याचे आजही वाईट वाटते. पुढे मी विचारू लागले, "आजोबांना काय आवडायचे गं?" मग थालीपीठ आणि त्यावरचा लोण्याचा गोळा, इतके सांगण्यात तिची संध्याकाळ जायची.

देवचाफा:
कळकळीने सांगतो, आधी तपासण्या करा. आत्याला 'साठी बुद्धी नाठी' म्हणून घरच्यांनी सोडून दिले होते. रक्तात बी-12 जीवनसत्त्व फारच कमी आणि थायरॉइड मंदावलेले निघाले. इंजेक्शने आणि गोळ्यांनी काही महिन्यांत ती पुष्कळ सावरली. शिवाय वृद्ध माणूस दोन-तीन दिवसांत एकाएकी असंबद्ध बोलू लागले, तर लघवीचा संसर्गही असू शकतो; त्या वेळी थांबू नये.

काजवा:
मी 58 वर्षांची आहे. ओळखीच्यांची नावे ऐन वेळी आठवत नाहीत, रात्री भांडी घासताना आठवतात. आईला हाच आजार होता, म्हणून धास्ती वाटते.

देवचाफा:
काजवाताई, नाव मागाहून आठवते आणि विसरल्याची जाणीव तुम्हालाच होते, हे बहुधा वयाचे असते. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणे, नेहमीच्या स्वयंपाकाचा क्रम हरवणे, तोच प्रश्न तासात चारदा विचारणे, हे घरच्यांना आधी दिसते. तरीही मनात आहे तर दाखवून या. वय कमी म्हणून टाळू नका. ज्यांच्या नावाने स्मृतिभ्रंशाचा एक आजार ओळखला जातो, त्या डॉ. आलोईस अल्झायमर यांनी 1906 साली ज्या रुग्णाचे वर्णन मांडले, ती बाई रुग्णालयात आली तेव्हा 51 वर्षांची होती. कानही तपासून घ्या, कारण नीट ऐकूच आले नाही तर लक्षात काय राहणार?

काजवा:
सोमवारी जाते. लेकीलाही बरोबर नेते.

रानवाट:
शेवंती, बाबा कसे आहेत?

शेवंती:
84 वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून कमी बोलतात. आज त्यांच्यापुढे डबा ठेवला आणि एका वाटीला चिठ्ठी का नाही, असे विचारले. त्यांनी वाटी हातात घेतली आणि म्हणाले, "हिच्यात गोडा मसाला असायचा. तो तिने स्वतः केलेला. झाकण उघडले की ओळखायची."