मार्कर हाती आले म्हणून शेतातली पारख संपली का?

धागाकर्ता
‘जनुकीय मार्कर आले, आता पैदासकाराने चिखलात उतरण्याचे कारण उरले नाही,’ हे येथील एका नोंदीतले विधान वाचून राहवले नाही. मार्कर म्हणजे हव्या जनुकाजवळची, डीएनएत तपासता येणारी ओळखखूण. पण भाताच्या उत्पादनामागे असंख्य जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. एका संकरात ज्या मार्करने गुण दाखवला, तोच दुसऱ्या संकरात निष्प्रभ ठरू शकतो.

प्रतिसाद १
ती नोंद माझी आहे. ‘स्वर्णा-सब१’ हा भाताचा वाण विसरलात का? पुरात तग धरणारा ओडिशातील ‘एफआर १३ ए’ हा वाण पैदासकारांना कित्येक दशके ठाऊक होता, परंतु त्याच्याशी संकर केला की त्याचे नको असलेले गुणही सोबत येत. मार्करच्या साह्याने नेमका हवा तो तुकडा, म्हणजे सब१, ‘स्वर्णा’ या वाणात आणता आला, आणि २००९ मध्ये प्रसारित झालेला हा वाण सुमारे दोन आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा फुटतो.

धागाकर्ता
सब१ एकट्याने मोठा परिणाम घडवते. सोपे उदाहरण पुढे करून अवघड प्रश्न सुटत नाही.

प्रतिसाद २
मी कडा करप्याच्या, म्हणजे भाताची पाने वाळवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाच्या, चाचण्यांत अनेक हंगाम काढले आहेत. जिवाणूंच्या द्रावणात बुडवलेल्या कात्रीने पानांची टोके कापायची आणि १४ दिवसांनी डागाची लांबी मोजायची, हे माझे काम होते. मार्करने प्रतिरोधक ठरवलेल्या एका ओळीची पाने माझ्या डोळ्यांसमोर वाळत गेली, कारण मार्कर आणि जनुक यांच्या दरम्यान गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन मार्कर राहिला, जनुक मात्र निसटले होते आणि जनुकाच्या दुसऱ्या बाजूचा मार्कर कोणी तपासलाच नव्हता. तरीही शंका घेतली गेली ती माझ्या मोजणीवर, कारण तिकडे यंत्र होते आणि माझ्या हातात फूटपट्टी. तो अपमान मी विसरलेलो नाही.

प्रतिसाद १
तुमच्यावर अन्याय झाला, पण दोष मार्कर निवडणाऱ्याचा होता, पद्धतीचा नव्हे. ‘सुधारित सांबा महसुरी’ या भाताच्या वाणात कडा करप्याला रोखणारी एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ ही जनुके एकत्र आणली आहेत. यांपैकी शेवटची दोन अप्रभावी आहेत, म्हणजे दोन्ही प्रती असल्याशिवाय गुण दाखवत नाहीत. त्यांची एकेकच प्रत असलेले बॅकक्रॉसचे (मूळ वाणाशी पुन्हा संकर केलेले) रोप रोगाला बळी पडते आणि तुमची कात्री नेमक्या त्या वाहक रोपाला बाद ठरवते. एक्सए२१ सोबत असेल, तर उरलेली दोन आहेत की नाहीत, हे पानावरून भरवशाने सांगून दाखवा.

प्रतिसाद २
नाही सांगता येणार. नाइलाजाने मान्य करतो. मात्र उत्पादनासाठी तुम्ही त्या नोंदीत ज्या जीनोमिक निवडीचा आग्रह धरता, ती जीनोमभरच्या, म्हणजे रोपाच्या संपूर्ण डीएनएतल्या, मार्करांची सांगड शेतात मोजलेल्या गुणांशी घालूनच अंदाज बांधते. मोजमाप ढिसाळ असेल, तर अंदाजही ढिसाळ निघतो, आणि पिढ्या पुढे सरकल्या की पुन्हा मोजावे लागते.

प्रतिसाद १
चिखलाविषयीचे वाक्य मागे घेतो. बाकीचे एकही नाही.

धागाकर्ता
खटकले होते तेच वाक्य. अवर्षणाबाबत मात्र माझा आणखी एक आक्षेप आहे: पाण्याचा ताण फुलोऱ्यात पडला तर एक गुण कामी येतो आणि दाणे भरताना पडला तर दुसरा. तुमचा अंदाज यांपैकी कोणत्या ताणाच्या नोंदींवर बांधलेला असेल, ते आधी सांगा.