ई-संजीवनीवरची नोंद: नेमकं काय भरायचं?

प्रश्न: देवगडकडच्या उपकेंद्रातून ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टर-सल्ला सेवा) रुग्ण जोडतो. पलीकडचे डॉक्टर दरवेळी सगळं पुन्हा विचारतात. नोंदीत काय कमी पडतं?

उत्तर १: नुसतं 'ताप' नको. किती दिवस, थंडी वाजते का, थर्मामीटरचा आकडा. गोळीचं नाव आणि मिलिग्रॅम पाकिटावरून उतरवा. 'बीपीची पांढरी गोळी' कुणाला कळणार? ॲलर्जी नसेल तर 'नाही' लिहा. रिकामा रकाना म्हणजे विचारलंच नाही.

उत्तर २: लावणीच्या दिवसांत चिखलात काम, पायाला जखम हेही हवंच. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाणी-चिखलातून होणारा ताप) संशय त्यावरूनच येतो.

उत्तर ३: एका मोबाइलवर अख्खं घर असतं, म्हणून १४ अंकी आभा क्रमांक (प्रत्येकाचा सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक) आणि वय ताडून बघा, नाहीतर सासूची औषधं सुनेच्या नावावर. रेंज गेली तर कागदावर लिहा. नंतर चढवताना वेळ तपासणीची टाका.