आई-बाबांना लायडनला कुठल्या महिन्यांत बोलवू?

नवा_लायडनकर

नमस्कार मंडळी. मी नोव्हेंबरच्या मध्यात नेदरलँड्समधल्या लायडनला आलो, त्यामुळे आत्तापर्यंत मी जे शहर बघितलंय ते जवळपास सगळं अंधारातलंच आहे, सकाळी सायकलचा दिवा लावून निघायचं आणि संध्याकाळी परत दिवा लावूनच घरी यायचं. आता आई-बाबांना बोलवायचंय, व्हिसाचे नव्वद दिवस पूर्ण वापरायचेत, पण एप्रिल ते जून बोलवू की सप्टेंबर ते नोव्हेंबर हे काही ठरत नाहीये.

ज्याला विचारावं तो म्हणतो ट्युलिप बघायला बोलव. ट्युलिप दोन दिवसांत बघून होतील, उरलेल्या अठ्ठ्याऐंशी दिवसांचं काय? मी दिवसभर ऑफिसात असणार, ते दोघंच घरी. बाबा मराठीचे शिक्षक होते, रस्त्यावरची पाटीसुद्धा वाचल्याशिवाय पुढे जात नाहीत, पण गुडघा दुखतो म्हणून फार चालवत नाही. आईचा मातीत हात घातल्याशिवाय दिवस जात नाही. मला प्रेक्षणीय स्थळांची यादी नकोय, दाराबाहेर पडल्यावर कुठल्या महिन्यात काय दिसतं ते इथे वर्षं काढलेल्यांनी सांगा प्लीज.

पाऊसवेडी

एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत बोलवा, मी तरी दुसरा विचार करणार नाही. कारण फुलं नाहीत, उजेड आहे. तुम्ही सहाला घरी आलात तरी जूनमध्ये दहा वाजेपर्यंत उजेड असतो, म्हणजे ऑफिस झाल्यावर अख्खी दुपार हातात असल्यासारखं. नोव्हेंबरच्या शेवटी साडेचारला सूर्य मावळतो, मग तुमची आणि त्यांची भेट फक्त ट्यूबलाइटखाली. सात वर्षं इथे राहतेय, मला तरी घरची माणसं आल्यावर याचाच सगळ्यात जास्त फरक पडला.

आता फुलांचं. आई बागवाल्या आहेत म्हणून सांगते, जवळच्या लिसे गावातली ती मोठी फुलांची बाग, कॉयकेनहोफ, दाखवाच, लायडन स्टेशनवरून सीझनमध्ये थेट बस असते. पण त्यापेक्षा शेतं दाखवा. मार्चमध्ये क्रोकस, मग डॅफोडिल आणि हायसिंथ (वास वाऱ्यावर रस्त्यापर्यंत येतो), आणि ट्युलिपचा खरा भर एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आणि एक दिवस जाऊन बघावं तर लालभडक शेत अचानक हिरवं! शेतकरी मशीनने फुलांची डोकी उडवतात, कारण त्यांना फूल नाही, कंद विकायचा असतो, आणि फूल राहिलं तर झाडाची ताकद बी धरण्यात जाते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जीव हळहळला होता, पण तुमच्या आईला हे मला कळलं त्याच्या आधी कळेल बघा. शहरात रापनबुर्खच्या कालव्याकाठी युनिव्हर्सिटीची हॉर्टुस बोटॅनिकस आहे, १५९० ची बाग. क्लुसियस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ मध्ये इथे आला, त्याने लावलेले ट्युलिप १५९४ मध्ये फुलले, आज ज्या फुलावर हा देश ओळखला जातो त्याची गोष्ट या बागेतून जाते. आईंना वर्षाचा पास काढून द्या, त्या एकट्यासुद्धा जाऊन बसतील.

मग रोजचं दिसणारं. एप्रिल-मेमध्ये कालव्यातली घरटी बघायची. काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा, आपल्याकडे चांदवा किंवा वारकरी म्हणतात तोच. हा कालव्यात काड्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशव्या, चिप्सची पाकिटं, मिळेल ते घालून घरटं बांधतो आणि होड्या बाजूने जात असताना निवांत अंड्यांवर बसतो. पिल्लांची डोकी लालकेशरी. मी एका पुलावर रोज दोन मिनिटं थांबायचे, एक दिवस पिल्लू एक कमी दिसलं तर पूर्ण दिवस खराब गेला होता. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस, तेव्हा लहान मुलं रस्त्यावर चादर पसरून आपली जुनी खेळणी विकतात. ४ मेला रात्री आठ वाजता युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांतता, तेव्हा घरात बसू नका, बाहेर उभे राहा, एवढं मोठं शहर एकदम गप्प झालेलं ऐकण्यासारखं असतं. आणि जूनच्या मध्यावर काही घरांवर झेंडा आणि त्या काठीलाच शाळेचं दप्तर लटकवलेलं दिसेल, म्हणजे त्या घरातलं पोर शाळेची शेवटची परीक्षा पास झालं. बाबा शिक्षक आहेत ना, त्यांना हे दाखवाच, मला अजून दर वर्षी भरून येतं.

कोर्नब्रुग_कट्टा

वरचं सगळं मान्य, पण लायडनचा स्वतःचा सण ३ ऑक्टोबरचा आहे आणि तो सोडून लायडन बघितलं असं मी म्हणणार नाही. १५७४ मध्ये स्पॅनिश सैन्याचा वेढा पडला होता, शहर उपाशी मरत होतं, शेवटी बांध फोडून आजूबाजूची जमीन पाण्याखाली घातली आणि होड्यांतून माणसं हेरिंग मासा आणि पांढरा पाव घेऊन आत आली. आजही ३ ऑक्टोबरला वागमध्ये, म्हणजे जुन्या वजनघरात, हेरिंग आणि पाव फुकट वाटतात, लोक सकाळपासून रांगेत. घरोघरी हुत्स्पॉट, म्हणजे गाजर कांदा बटाटा एकत्र उकडून ठेचलेला. गोष्ट अशी सांगतात की स्पॅनिश लोक पळाले तेव्हा एका अनाथ पोराला त्यांच्या रिकाम्या छावणीत असलाच खाण्याचा हंडा सापडला. (बटाटा तेव्हा नव्हता, तो नंतर आला.) सोबत मांस असतं पण नुसतंही खाता येतं, वर तुपासारखं लोणी सोडा. जत्रा, मिरवणूक, शाळांना सुट्टी, शेवटी फटाके, आणि शेजारच्या गावातला माणूस मात्र त्या दिवशी नेहमीसारखा कामावर. बाबांना इतिहासाची आवड असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही.

पण प्रामाणिकपणे सांगतो, हा दोन दिवसांचा आनंद आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे गेलं की पुढचं मी तुम्हाला सुचवणार नाही.

रेनकोट_कायम_बॅगेत

आमचे आई-बाबा ऑक्टोबरच्या दहा तारखेला आले आणि जानेवारीत गेले, म्हणजे वरच्या दादांचा सणही हुकला आणि उजेडही. पहिले दोन आठवडे झाडं पिवळी, मस्त. नंतर वारा आणि आडवा पाऊस, छत्री उलटी होते, आई खिडकीशी बसून राहायची आणि मी ऑफिसात बसून तिचाच विचार करायचे. डिसेंबरमध्ये न्यूवे राइनच्या पाण्यावर तरंगता बाजार भरतो तेव्हा एक संध्याकाळ हसली ती, ती माझ्या लक्षात आहे. त्यामुळे पाऊसवेडी ताईंना माझं मत.

गुडघ्याचं बघायचं तर जुन्या गावात रस्ते विटांचे आणि दगडांचे आहेत, चप्पल नको, चांगले बूट. बुधवारी आणि शनिवारी न्यूवे राइनच्या काठी बाजार असतो, सपाट आहे, बसायला जागा आहे, मासेवाल्याच्या आसपास राखी बगळा ताटकळत उभा असतो तो बघत अर्धा तास जातो. बाबांना भिंतीवरच्या कविता दाखवा! १९९२ पासून या शहरात घरांच्या भिंतींवर कविता रंगवल्यात, शंभरच्या वर आहेत, वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत, ज्या भाषेत लिहिली त्याच भाषेत. एका दिवशी एकच गल्ली केली तरी तीन महिने पुरतील आणि गुडघ्यालाही झेपेल.

आणि हे आल्या दिवशी शिकवा, लाल डांबराचा पट्टा म्हणजे सायकलचा रस्ता, तिथे गप्पा मारत उभं राहायचं नाही. सायकली आवाज न करता येतात, आमचे बाबा एकदा थोडक्यात वाचले. एप्रिल आहे म्हणून थंडी गेली असं समजू नका, एप्रिल वाटेल ते करतो अशी इथे म्हणच आहे, एकाच दिवशी ऊन, गारा आणि परत ऊन. स्वेटर, कानटोपी घेऊन यायला सांगा.

नवा_लायडनकर

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, आईला फोनवर वाचून दाखवलं, डोकी उडवण्याचं ऐकून ती लगेच म्हणाली बरोबरच आहे, मी पण कांद्याचे डेंगळे मोडते. बाबा सध्या ३ ऑक्टोबरवर अडून बसलेत, पण ते पुढच्या वर्षी असं सांगून पटवलंय. १२ एप्रिल ते ८ जुलै बघतोय, येण्याचा आणि जाण्याचा दिवस धरून अठ्ठ्याऐंशी होतात, दोन दिवस हाताशी ठेवलेत. एक शेवटचं, गल्लीत लहान दरवाजा आणि आत अंगणाभोवती छोटी घरं असतात, मी एकदा बाहेरूनच परत आलो, तिथे परक्या माणसाने गेलं तर चालतं का?

पाऊसवेडी

ते हॉफ्ये. पूर्वी गरीब म्हाताऱ्या माणसांसाठी पैसेवाल्यांनी बांधून ठेवलेली घरं, लायडनमध्ये अशी पस्तीस आहेत. दिवसा दार उघडं असेल तर जाता येतं, पण आत आजही लोक राहतात, त्यामुळे हळू बोलायचं, खिडकीतून डोकवायचं नाही, फोटो काढताना कुणाचं घर समोर येत नाही ना बघायचं. मे-जूनमध्ये आतल्या बागा भरलेल्या असतात, आईंना तिथे आधी न्या, मग मोठ्या बागेत.