बदलापुरात निळ्या-लाल पूररेषेच्या मधे फ्लॅट: घ्यावा का?

कळवेकर_संध्या
आम्ही ठाण्यात, कळव्याला भाड्याने राहतो. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीच्या अंगाला वन बीएचके बघितलाय, तिसरा मजला. मंजूर नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आहे, बिल्डिंग दोन्हींच्या मधे. साइटवरचा मुलगा म्हणतो, "लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. २००५ला येऊन गेला, आता नातवंडांनी बघायचा." मिस्टरांना पटलंय, मला नाही. विमा तरी मिळेल का?

पाटबंधारे_निवृत्त
ताई, जुलै २०१९मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, ती काय नातवंडांनी बघितली? ते पाणी लाल रेषेपर्यंत गेलं होतं का, हा भाग वेगळा. पण शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात एक शक्यता. काल आला म्हणून उद्या सुट्टी नाही. वीस वर्षांच्या कर्जात तो एकदा तरी गाठण्याची शक्यता साधारण १८ टक्के.

निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराची. तिच्या आत, नदीकडे, नवीन इमारत निषिद्ध. मधल्या पट्ट्यात बांधता येतं, पण जोतं (तळमजल्याच्या जमिनीची पातळी) लाल रेषेच्या पातळीच्या ०.४५ मीटर वर हवं. म्हणून नदी किती लांब ते सोडा. लाल रेषेची पातळी किती मीटर आणि जोत्याची किती, एवढं विचारा. मग पंप, मीटर रूम, जमिनीखालची टाकी कुठे आहे ते बघा. तिसऱ्या मजल्यावर पूर चढणार नाही, पण टाकीत गढूळ पाणी शिरलं की प्यायचं काय? नाल्यातून उलटं येणारं पाणी तर या रेषांवर दिसेलच असं नाही. ते जवळचा जुना किराणावाला भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

(आणि कुणी बारवी धरणाच्या नावाने खडे फोडायच्या आधी: बारवीचं पाणी उल्हासला बदलापूरच्या खाली मिळतं. शहरातला लोंढा कर्जतकडचा.)

नौपाड्याचा_विमावाला
मिळेल. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर धरलेला आहे. घराचा विमा काढला की सामानाला त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप. लिफ्ट-पंपाचा मात्र सोसायटीने काढायचा, आणि नव्या सोसायट्या तिथेच कंजुषी करतात. गाडीच्या विम्यात 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कवच घ्या. बुडालेली गाडी स्टार्ट करून इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत कंपनी हात वर करते.

कळवेकर_संध्या
जोत्याची पातळी विचारली. "सोमवारी साहेब आले की सांगतो." टोकन थांबवलंय.

पाटबंधारे_निवृत्त
सांगायला नको म्हणा. शिक्क्याच्या नकाशाची प्रत मागा.