फाइव्ह स्टारमधलं चायनीज, आईबाबांना नेतेय, मागवू काय?

नाव_सुचेना:
पुढच्या शनिवारी आईबाबांच्या लग्नाला 35 वर्षं होतायत म्हणून मी आणि नवरा त्यांना दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलातल्या चायनीजला नेतोय. टेबल बुक झालंय. पण आमचं चायनीज म्हणजे स्टेशनबाहेरची गाडी, ट्रिपल राईस आणि वर ती लालभडक चटणी, आणि यांचा मेनू ऑनलाइन बघितला तर निम्मा कळलाच नाही, ट्रिपल तर कुठेच नाही. पेकिंग डकची किंमत बघून नवऱ्याने फोन उलटा ठेवला 😅 आई शाकाहारी (केकमधलं अंडं चालतं, दिसलं नाही तर). बाबा सगळं खातात पण अशा ठिकाणी वेटर शेजारी उभा राहिला की अवघडतात, "मला फारशी भूक नाही" म्हणतात आणि घरी येऊन दहीभात खातात. चॉपस्टिक्स कोणालाच येत नाहीत. काय मागवू?

खादाड_काका:
ताई, पहिली गोष्ट, प्रत्येकाने आपापली डिश मागवायची नाही. सगळं मधे ठेवून वाटून खायचं, पंगतीसारखं. चौघांना दोन प्रकारचे डिमसम (आत सारण भरून वाफवलेले, मोमोसारखे), दोनतीन मेन आणि एकच राईस किंवा नूडल्स, बास. आपण राईस आल्याशिवाय जेवण सुरूच करत नाही, तिकडच्या मोठ्या जेवणात तो शेवटी येतो, तुम्ही मात्र आधीच सांगा सगळं बरोबर आणायला, बाबा खूश.
आता आईंचं, आणि हे नीट वाचा. "व्हेज आहे ना?" एवढंच विचारू नका, हो म्हणून मोकळे होतील. चिकन स्टॉक, ऑयस्टर सॉस, फिश सॉस असं एकेक नाव घेऊन नको म्हणा. ऑयस्टर सॉस शिंपल्यांचा असतो, पालेभाजीवर सुद्धा घालतात, मशरूमचा शाकाहारी पण मिळतो, तो आहे का विचारा. एक्सओ सॉस लिहिलेलं दिसलं तर पुढे चला, त्यात सुकी कोलंबी असते. आणि मापो टोफू नावाने पनीरचा भाऊ वाटतो पण मुळात त्यात खिमा असतो. हे सगळं टेबलवर विचारण्यापेक्षा आदल्या दिवशी फोन करून सांगा, म्हणजे बाबांसमोर चर्चासत्र नको. डक हवंच असेल तरी त्याच फोनवर, बऱ्याच ठिकाणी आधी सांगावं लागतं.
चॉपस्टिक्स नाही आल्या तर फोर्क मागा, कोणी हसत नाही. फक्त भातात उभ्या खोचू नका, तिकडे मेलेल्यांसाठी उदबत्त्या लावतात तसं दिसतं ते.

तिरफळ:
मी मालवणकडचा, नावावरून कळलंच असेल 😄 सेचुआन (चीनमधला प्रांत, आपण शेझवान म्हणतो तोच) असं लिहिलेलं काहीतरी नक्की मागवा, पण गाडीवरच्या शेझवानची अपेक्षा ठेवू नका, ती लसूण-मिरचीची चटणी इथली, आपली. खऱ्या सेचुआनमधे एक मिरी असते तिने जीभ बधीर होते, मुंग्या आल्यासारखं वाटतं, आणि मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा दोन मिनिटं डोकं खाजवत बसलो की ही चव मला माहितीय, कुठे खाल्लीय, मग ट्यूब पेटली, अरे हे तर बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ! नंतर शोधलं तर खरंच एकाच कुळातली झाडं. वास थोडा वेगळा, आपल्या तिरफळाचा जास्त रानटी. शिवाय त्यांच्या मसाल्यात चक्रीफूल, दालचिनी, लवंग, म्हणजे तुमच्या आईंच्या मसाल्याच्या डब्यातलंच सगळं. बाबांना हे आधी सांगून ठेवा, अर्धी भीड तिथेच जाईल.

पोळीभाजी_123:
एवढं कशाला, सरळ मांचुरियन हक्का नूडल्स मागवा ना. जे आवडतं ते खायचं. 14 रुपयांचा ब्रोकोली 900 ला खायची हौस आहे लोकांना.

खादाड_काका:
@पोळीभाजी मांचुरियनला माझी ना नाहीच, तो अस्सल मुंबईकर आहे. नेल्सन वँग यांनी 1975 च्या सुमारास इथल्या क्रिकेट क्लबात केला असं सांगतात, मंचुरियाचा काही संबंध नाही. पण तो कोपऱ्यावर मिळतो हो, 35 वर्षांनी एकदा तरी दुसरं काही खाऊ दे माणसाला. आणि 14 रुपयांत ब्रोकोली कुठे मिळतो ते पण सांगा 😂

हिशोबी_वहिनी:
बिलाचं कोणी बोललंच नाही. खोलीचं भाडं साडेसात हजाराच्या वर असतं अशा हॉटेलातल्या रेस्टॉरंटला जीएसटी 18 टक्के, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला 5. मेनूतल्या किमतीत तो धरलेला नसतो, मनात बेरीज करताना लक्षात ठेवा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, 2022 ला ग्राहक प्राधिकरणाने सांगितलं आणि मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टाने ते उचलून धरलं. लावलेला दिसला तर शांतपणे काढायला सांगा, फक्त बाबांसमोर नको. आणि पाणी! "स्टिल ऑर स्पार्कलिंग" विचारतात, "रेग्युलर" म्हणायचं. आम्ही एकदा लाजून तीन बाटल्या प्यायलो होतो.

नाव_सुचेना:
जाऊन आलो! काकांचं ऐकून शुक्रवारी फोन केला, त्यामुळे आईची प्रत्येक डिश वेटरने स्वतः सांगून तिच्या बाजूला ठेवली, तिचा एकदम रुबाब. पारदर्शक डिमसम बघून म्हणाली "उकड नीट काढलीय, पण कळ्या कमी पडल्यात". चायनीज शेफच्या मोदकाला मार्क देऊन आली 🙏
सेचुआन चिकन आलं तेव्हा बाबांना तिरफळाचं सांगितलं. त्यांचं आजोळ वेंगुर्ल्याचं, हे मी इथे लिहायलाच विसरले होते. एक घास खाल्ला, थांबले, आणि मग जे सुरू झालं ते मामाच्या घरामागचं झाड, ते काटे, वेटरला पण धरून सांगितलं, तो बिचारा मिझोरामचा, म्हणाला आमच्याकडे पण होतं. वीस मिनिटं दोघं बोलत होते आणि आमचे नूडल्स गार.
डक नाही घेतलं. तरी चौघांचं 14 हजार झालं, सर्व्हिस चार्ज होता, नवऱ्याने काउंटरला जाऊन काढायला लावला, आणि बाबांनी परस्पर त्या मुलाच्या हातात पाचशे दिले, म्हणजे वाचलं किती ते विचारू नका.
@तिरफळ, दादरला चांगलं तिरफळ कुठे मिळतं? बाबा सकाळपासून मागे लागलेत.