जोखमीच्या किडनीसाठी वेगळी यादी हवी का?

वणीकर:
मेंदूमृत दाता ६२ वर्षांचा, जुना रक्तदाब, मेंदूत रक्तस्राव, क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढतं ते) १.७. अशी किडनी आली की नागपूरच्या झेडटीसीसीच्या (अवयव वाटपाच्या विभागीय समितीच्या) यादीत फोनाफोनी सुरू. वरचे नको म्हणत जातात आणि वेळ सरत राहतो. बर्फातली किडनी जितकी उशिरा बसवाल तितकी ती उशिरा जागी होते. अमेरिकेत डिसेंबर २०१४ पासून ८५ टक्क्यांवर केडीपीआय (दात्याच्या किडनीच्या जोखमीचा आकडा, जितका जास्त तितकी किडनी कमी टिकाऊ) असलेली किडनी फक्त ‘अशी चालेल’ अशी आधी सही दिलेल्यांनाच देऊ करतात. आपल्याकडेही नोंदणीच्या वेळीच सही घ्या, फोन थेट त्यांनाच जाईल.

कोरडवाहू:
सही कोण करेल, सांगा ना जी? नागपुरात आठवड्याला तीनदा डायलिसिस घेणारा, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली शीर) धडधाकट असलेला माणूस थांबू शकतो. उमरखेडकडचा दोनदाच घेतो, मानेतल्या कॅथेटरने (डायलिसिसच्या नळीने) ताप येतो, तो कशावरही सही करेल. वेगळी यादी म्हणजे गरिबाची यादी.

आणि पुढचं? अशी किडनी पहिल्या आठवड्यात लघवी न देण्याची शक्यता जास्त. म्हणजे डायलिसिस चालू, मुक्काम लांबला, सोबतच्या माणसाची मजुरी बुडाली. मग टॅक्रोलिमसची (शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) रक्तातली लेव्हल. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. एसटीने निघालेला माणूस सवयीने घरीच आठला कॅप्सूल घेतो, लेव्हल खोटी चढलेली येते, डोस कमी होतो आणि शरीर किडनी नाकारायला लागतं. कॅप्सूल खिशात ठेवा, एवढंच सांगायचं असतं. तेही कुणी कागदावर लिहून देत नाही.

फिस्टुला०७:
कोरडवाहू, लेव्हलचं शंभर टक्के खरं. पण ती चूक चांगल्या किडनीलाही बुडवते, त्यात यादीचा काय दोष? तुलना चांगल्या किडनीशी नाही, कॅथेटरवरच्या डायलिसिसशी करा. जोखमीच्या किडनीचा फायदा मुख्यतः चाळिशीपुढच्यांना, मधुमेहींना आणि लांब रांगेतल्यांना दिसला आहे. म्हणून वणीकरांच्या सहीला वयाची अट जोडा. २८ वर्षांच्या पोराला ही किडनी काहून द्यायची? ती लवकर संपली तर परक्या किडनीविरुद्धच्या अँटिबॉडी वाढून दुसरी जुळणं अवघड.

आलापल्ली:
युरोट्रान्सप्लांटने (युरोपातल्या काही देशांच्या अवयव वाटप संस्थेने) १९९९ पासून ६५ वरच्या दात्याची किडनी ६५ वरच्या रुग्णाला, तीही जवळच्याच, असा मार्ग धरला. जवळच्याला, कारण थंड वेळ (किडनी बर्फात राहण्याचा) वाचतो. आपल्याकडे ‘जवळचा’ म्हणजे नागपूरवाला. अहेरीहून नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर विचारूच नका. रुग्ण पोचल्यावर रक्त घेऊन क्रॉसमॅच (दाता-रुग्ण जुळतात का ही तपासणी) लावला की आणखी चार-सहा तास गेले. त्याऐवजी रुग्णाचं सीरम (रक्तातला पातळ भाग) आधीच साठवून ठेवा, रुग्ण गाडीत असतानाच क्रॉसमॅच सुरू. फक्त मधल्या काळात रक्त चढवलं असेल तर जुनं सीरम चालणार नाही. हे नाही केलं तर कोणतीही यादी आणा, गाव मागेच.

वणीकर:
वयाची अट मान्य, सीरमचंही. पण ‘गरिबाची यादी’ मान्य नाही. अमेरिकेतही त्या सहीने कुणी बांधला जात नाही, प्रत्यक्ष किडनी आली की नाही म्हणता येतं. शिवाय सही देणारा नेहमीच्या यादीतून निघत नाही, त्याला दोन्हीकडून फोन.

कोरडवाहू:
मग फोनवर दात्याचं वय, क्रिएटिनिन आणि बायोप्सी (किडनीचा तुकडा काढून तपासणी) झाली असेल तर किडनीतल्या किती गाळण्या वाळल्या, म्हणजे निकामी झाल्या, हे तिन्ही मराठीत सांगा. नुसतं ‘किडनी आली, लवकर निघा’ म्हटल्यावर नाही कोण म्हणेल?